उद्योगमहर्षी लक्ष्मणराव किर्लोस्कर

शालान्त परीक्षेचे निकाल लागले की ज्ञातीतील पुष्कळ पालक आमच्याकडे सल्ला विचारावयास येतात. मुलाचे पाठांतरात चित्त नाही, सारा वेळ मोडकी घड्याळे व पंखे उघडण्यात जातो, अशी त्यांची तक्रार असते. त्यांस आम्ही लक्ष्मणरावांची हकिकत सांगतो. लक्ष्मणराव आमच्या ज्ञातीचे नव्हते. पण त्यामुळे येथे काही अडत नाही.

बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे २० जून १८६९ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील काशीनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचे मन मात्र पोथ्यापुस्तकांपेक्षा चित्रांत आणि यंत्रांत गुंतलेले. १८८५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत जाण्याचे त्याने ठरविले, तेव्हा वडिलांस ते रुचले नाही. खर्चाचा भार उचलला तो वडीलबंधू रामूअण्णांनी. पुढे दोन वर्षांनी असे आढळून आले की, काही रंगांतील भेद लक्ष्मणरावांच्या डोळ्यांस कळतच नाही! चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणावर याहून मोठा आघात कोणता? घरी परतून वडिलांचे बोल ऐकणे, हाच मार्ग दुसऱ्या कोणास दिसला असता. परंतु यंत्रांच्या रेखाचित्रांस रंग लागत नाहीत. लक्ष्मणरावांनी तीच विद्या धरली, आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत ते शिक्षक झाले. तेथे शिकविण्याचे काम आटोपले की कारखान्यात शिरून यंत्रे हाताळावयाची, इंग्रजी ग्रंथ समोर ठेवून त्यांचे मर्म समजून घ्यावयाचे, असा त्यांचा क्रम असे. अभियंत्याची पदवी त्यांजपाशी कधीच नव्हती.

बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली व ते बेळगावास आले. तेथे रामूअण्णांसह सायकलींचे दुकान चालले होतेच. त्यातूनच कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर यांचा कारखाना उभा राहिला. लोखंडाने जमिनीस विष चढते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपावयास दोन वर्षे लागली! तयार माल डोळ्यांपुढे पडून असता दोन वर्षे धीर धरणे ही कोणत्याही परीक्षेहून कठीण गोष्ट होय, असे आम्हांस वाटते.

पुढे नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडावयास सांगितली. त्या अडचणीच्या वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात कुंडलजवळ माळरानावरील जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. त्या वसाहतीत लक्ष्मणरावांनी अस्पृश्यता पाळू दिली नाही. ज्ञातिसंघाच्या स्मरणिकेत हे आम्ही मुद्दाम नमूद करीत आहो. शिक्षा भोगून आलेल्या माणसांसही त्यांनी पहाऱ्याचे काम दिले होते.

आपल्यास जे शिक्षण लाभले नाही ते चिरंजीव शंतनुराव यांस मिळावे म्हणून लक्ष्मणरावांनी त्यांस अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेत धाडले. यंत्रशास्त्राची पदवी घेऊन १९२६ साली ते परतले, आणि वाडीच्याच कामास लागले.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. १९६९ साली, त्यांच्या जन्मशताब्दीस, पोस्टखात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. त्यांस मुंबईस धाडणाऱ्या रामूअण्णांचे नाव मात्र, आम्ही ही हकिकत सांगतो तेव्हा, बहुतेक पालक प्रथमच ऐकतात.