अँटन ब्रुकनर : अभ्यासू भक्तीचा संगीतकार

४ सप्टेंबर १८२४ रोजी ऑस्ट्रियातील आन्सफेल्डेन गावी एका शाळामास्तरांच्या घरी अँटन ब्रुकनर जन्मले. १८३७ साली पितृछत्र हरपले आणि संत फ्लोरियन मठाच्या गायकवृंदात त्यांना आसरा मिळाला. पुढे ते लिंझ येथील कॅथेड्रलचे ऑर्गनवादक झाले. कीर्ती लाभली होती, तरी तिशी उलटल्यावर व्हिएन्नाच्या सिमोन जेख्टर यांच्याकडे, बहुतांशी पत्राद्वारे, ते पुन्हा विद्यार्थी झाले. अभ्यास संपेतो स्वतंत्र रचना करू नये, हा गुरूंचा दंडक त्यांनी शिरोधार्य मानला. हा अभ्यास १८६१ पर्यंत चालला.

१८६८ मध्ये व्हिएन्नाच्या संगीत विद्यालयात ते प्राध्यापक झाले. विद्यापीठाचे दार मात्र उघडेना. हार्मनी व काउंटरपॉइंट, म्हणजे स्वर व स्वरावली एकत्र गुंफण्याची विद्या, विद्यापीठात शिकविण्याजोगी नव्हे, असे तेथील प्राध्यापक एडुआर्ड हान्सलिक यांचे मत होते. ब्रुकनर यांनी चिकाटी सोडली नाही. १८७५ मध्ये ते तेथे व्याख्याते झाले, तेही आरंभी बिनपगारी. १८७७ मध्ये त्यांची तिसरी सिंफनी सुरू असताना श्रोते उठून गेले. मोजके तरुण चाहते तेवढे थांबले. त्याच विद्यापीठाने १८९१ मध्ये त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली.

देवाला अर्पण केलेली नववी सिंफनी अपूर्ण ठेवून ११ ऑक्टोबर १८९६ रोजी ते निवर्तले. संत फ्लोरियनच्या ऑर्गनखाली ते विसावले आहेत.

भक्ती असली की अभ्यास नको, असे आपण आपल्या गायकवृंदांत अनेकदा मानतो. ब्रुकनर यांनी अभ्यासालाच भक्ती मानले, असे आम्हांस वाटते.