होर्हे मास कानोसा : मतपेटीने टिकवलेली व्यापारबंदी



लोकशाहीत बहुमताचं चालतं, असं आपण मुलांना शिकवतो. पण समजा, वर्गात ४० मुलं आहेत. मॉनिटरच्या निवडणुकीत दोघांना १८-१८ मतं पक्की आहेत. उरलेली चार मुलं म्हणतात, शेजारच्या वर्गाला चेंडू न देणाऱ्यालाच आम्ही मत देणार. बाकीच्यांना चेंडूचं काही पडलेलं नाही. मग दोन्ही उमेदवार काय कबूल करतील? बरोब्बर! हेच गणित ज्यांनी अमेरिकेत मांडलं, त्यांची ही ओळख.

होर्हे मास कानोसा यांचा जन्म २१ सप्टेंबर १९३९ रोजी क्युबातील सांतियागो शहरात झाला. वडील सैन्यात पशुवैद्य होते. १९५९ मध्ये फिडेल कॅस्ट्रो सत्तेवर आले. त्यांना विरोध करणाऱ्या होर्हे यांना १९६० मध्ये देश सोडावा लागला. ते अमेरिकेतील मायामीला आले. १९६१ च्या क्युबावरील फसलेल्या स्वारीत तेही सामील होते, पण त्यांची तुकडी किनाऱ्यावर उतरलीच नाही. पुढे त्यांनी घरोघरी दूध पोहोचवलं, आणि नंतर टेलिफोन लाइन टाकण्याच्या कंत्राटांतून ते श्रीमंत झाले.

कॅस्ट्रो सरकारने अमेरिकी कंपन्यांची मालमत्ता ताब्यात घेतली होती. त्यावरून सुरू झालेली व्यापारबंदी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी फेब्रुवारी १९६२ मध्ये जवळजवळ पूर्ण केली. १९८१ मध्ये मास कानोसा यांनी क्युबन अमेरिकन नॅशनल फाउंडेशन स्थापन केलं. देणग्या जमवल्या आणि दोन्ही पक्षांच्या उमेदवारांना मदत केली. मायामी आहे फ्लोरिडा राज्यात. तिथे जो जिंकतो, त्याला राज्याची सगळी निर्वाचक मतं मिळतात. १९९२ मध्ये ती २५ होती. म्हणून तिथली क्युबन मतं कोणालाच गमवायची नव्हती.

आता गंमत बघा. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला, शीतयुद्ध संपलं. बंदी सैल व्हायला हवी होती, पण झालं उलटंच! १९९२ च्या निवडणुकीत क्लिंटन यांनी मायामीत कडक कायद्याला पाठिंबा दिला. आधी का-कू करणाऱ्या राष्ट्राध्यक्ष बुश यांनी मग मतदानाच्या तोंडावर मायामीतच त्यावर सही केली. फेब्रुवारी १९९६ मध्ये क्युबाने निर्वासितांच्या संघटनेची दोन छोटी विमानं पाडली, चार जण गेले. तेही निवडणुकीचं वर्ष. मार्चमध्ये क्लिंटन यांनी हेल्म्स-बर्टन कायद्यावर सही केली. तेव्हापासून एकट्या राष्ट्राध्यक्षाला ही बंदी उठवता येत नाही.

२३ नोव्हेंबर १९९७ रोजी मास कानोसा मायामीत वारले. कॅस्ट्रो तेव्हाही सत्तेवरच होते. २००० मध्ये फ्लोरिडाचा निकाल अवघ्या ५३७ मतांनी लागला, आणि त्या मतांची किंमत सगळ्यांना पुन्हा कळली. २०१५ मध्ये दोन्ही देशांचे दूतावास उघडले, तरी बंदी कायम राहिली.

मुलांना हे सांगताना कोणाला खलनायक करू नका. घर-गाव सुटलेल्या माणसाचा राग खरा असतो. फक्त शेवटी एक प्रश्न जरूर विचारा : शेजारच्या वर्गाचा खेळ बंद झाला, पण आपल्या निवडणुकीत त्यांना मत होतं का?