ताराबाई शिंदे : बुलढाण्याची ग्रंथकर्ती

एकोणिसाव्या शतकातील स्त्रीसुधारणेचा विचार करताना आपली दृष्टी साहजिकच पुण्या-मुंबईकडे वळते. या पाठात आपण वऱ्हाडातील बुलढाण्याकडे वळणार आहोत. ताराबाई शिंदे यांचा जन्म १८५० च्या सुमारास झाला. त्यांचे वडील बापूजी हरि शिंदे हे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाशी त्यांचा निकटचा संबंध होता. त्यांनी मुलीला मराठी, संस्कृत व इंग्रजी शिकविले. कुलीन मराठा घराण्यातील स्त्रियांना उंबरठ्याबाहेर पाऊल टाकण्याचीही मोकळीक नव्हती, हे ध्यानात घेतल्यास या शिक्षणाचे मोल कळेल. ताराबाईंचा विवाह लहान वयातच झाला. पती घरजावई म्हणून राहिल्याने त्यांचे वास्तव्य माहेरीच राहिले.

१८८१ मध्ये सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेस अर्भकहत्येच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती काळ्या पाण्यावर आली आणि पुढे पाच वर्षांच्या कैदेपर्यंत कमी झाली. या खटल्यावरून वृत्तपत्रांत वादळ उठले. ‘पुणे वैभव’ या सनातनी पत्राने समस्त स्त्रीजातीच्या चारित्र्यावरच शिंतोडे उडविले. त्या स्त्रीला त्या अवस्थेत लोटणारा पुरुष या चर्चेत कोठेच नव्हता. ताराबाईंची लेखणी उचलली गेली ती या अनुल्लेखामुळे.

‘स्त्रीपुरुष तुलना’ हे त्यांचे पुस्तक १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंचे ‘स्त्रीधर्मनीति’ही प्रसिद्ध झाले. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून पाहा. रमाबाई स्त्रियांना उपदेश करतात. ताराबाई पुरुषांना जाब विचारतात. पुस्तकाच्या नावातील ‘तुलना’ हा शब्द अक्षरशः घ्यावयाचा आहे. कपट, अविचार, साहस असे जे दुर्गुण परंपरेने स्त्रियांच्या माथी मारले, त्यांतील एकेक उचलून तो पुरुषांत किती आहे हे त्या मोजून दाखवितात. सावित्री पतीसाठी यमापर्यंत गेली, तर पत्नीसाठी त्या वाटेवर चार पावले चालणारा पती कोणता, असा त्यांचा प्रश्न आहे. पती वारल्यावर पत्नीने केस उतरवावयाचे असतील, तर विधुराने दाढीमिशा का राखाव्यात, हाही. ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ या त्या काळच्या लोकप्रिय कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रणाचाही त्या समाचार घेतात. मराठी समीक्षेच्या इतिहासात या भागाची दखल फारच उशिरा घेतली गेली, हे येथे नमूद केले पाहिजे.

भाषेच्या अभ्यासकाला हे पुस्तक विशेष मोलाचे वाटते. त्या काळच्या विद्वान गद्याची चाल संस्कृत वळणाची व जपून पावले टाकणारी होती. ताराबाईंना ती परकी नव्हती. तरीही त्यांनी माजघरातील बोली निवडली. त्यांची लांबलचक वाक्ये धावत सुटतात, मध्येच म्हणी येतात, टोमणे येतात, आणि पुरुषांना थेट ‘तुम्ही’ असे संबोधून उलटतपासणी सुरू होते. काही वाचकांना ही भाषा असभ्य वाटली. माझ्या मते ज्यांना सभेत बोलण्याची मुभाच नव्हती, त्यांनी सभेची भाषा वापरावी ही अपेक्षाच गैर होती.

पुस्तकावर टीका झाली आणि चेष्टाही. महात्मा फुले मात्र ताराबाईंच्या पाठीशी उभे राहिले. १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात त्यांनी या पुस्तकाचा गौरव केला व नाके मुरडणाऱ्या सहकाऱ्यांनाही सुनावले. ताराबाईंचे दुसरे पुस्तक निघाले नाही. १९१० च्या सुमारास त्यांचे निधन झाले, तोवर पहिलेही विस्मृतीत गेले होते. डॉ. स. गं. मालशे यांनी ते १९७५ मध्ये, म्हणजे तब्बल ९३ वर्षांनी, संपादित करून पुन्हा वाचकांपुढे आणले. १९९४ मध्ये रोझलिंड ओहॅन्लन यांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला.

मूळ पुस्तक मिळवून वाचाल तेव्हा प्रस्तावना ओलांडून पुढे जाऊ नका. मराठा रीतीने घरात कोंडलेल्या स्त्रीचा हा पहिलाच लेखनप्रयत्न आहे, असे ग्रंथकर्ती तेथे वाचकाला सांगते आणि लगेच पुढल्या पानापासून भांडावयास उभी राहते.