पत्राने उघडलेले दार : डॉ. आनंदीबाई जोशी



आपल्या शाळेतून बाहेर पडलेली पुष्कळ मुले हल्ली परदेशी जाण्यासाठी इंग्रजी प्रावीण्याच्या परीक्षेला बसतात. आयेल्ट्सच्या जनरल ट्रेनिंग परीक्षेत लेखनाचा पहिला प्रश्न पत्राचा असतो. साधारण वीस मिनिटे आणि कमीत कमी दीडशे शब्द. पत्र कधी मैत्रिणीला, कधी घरमालकाला, तर कधी एखाद्या कार्यालयाला लिहायचे असते. मुले माझ्याकडे येतात आणि तयार पत्रे मागतात. पाठ करून तीच उतरवू, असे त्यांना वाटते. पालकांचेही तेच म्हणणे असते.

मी त्यांना हसत नाही, कारण मीही हेच केले आहे. माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. नोकरीसाठी पहिला इंग्रजी अर्ज करायची वेळ आली तेव्हा बाजारातून पत्रलेखनाचे पुस्तक आणले आणि त्यातला अर्ज सुवाच्य अक्षरात उतरवून काढला. त्या अर्जातल्या माणसाला पाच वर्षांचा अनुभव होता, तोही उतरवला! मुलाखतीत त्याविषयी विचारले गेले तेव्हा मान खाली घालण्यावाचून उपाय नव्हता. भाषा चुकली नव्हती, पण पत्र माझे नव्हते.

पुढे डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र वाचताना ही गोष्ट वारंवार आठवली. परदेशात जाऊन पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण त्यांचे सारे आयुष्य पत्रांनी घडवले, ही बाजू सहसा सांगितली जात नाही.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेर कल्याणचे, माहेरचे नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव टपाल खात्यात कारकून होते, बिजवर होते आणि वयाने बरेच मोठे होते. बायकोने शिकलेच पाहिजे असा त्यांचा हट्ट होता. त्या काळात मुलीच्या हातात पाटी दिसली तरी शेजारीपाजारी नावे ठेवीत. गोपाळरावांच्या बदल्या होत गेल्या आणि अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता असा प्रवास करीत ही मुलगी मराठीबरोबर संस्कृत आणि इंग्रजीही शिकली.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि अवघ्या दहा दिवसांत तो गेला. पुरेसे वैद्यकीय उपचार मिळाले नाहीत. पुरुष डॉक्टरला दाखवण्यापेक्षा बायका दुखणे अंगावर काढत आणि स्त्री डॉक्टर तर फारच दुर्मीळ होत्या. आपणच डॉक्टर व्हावे, हा आनंदीबाईंचा निश्चय या दुःखातून पक्का झाला.

आता पत्रांकडे येऊ. पहिले पत्र गोपाळरावांचे. १८७८ मध्ये कोल्हापुरात असताना त्यांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला लिहून पत्नीच्या अमेरिकेतील शिक्षणासाठी आणि स्वतःच्या कामधंद्यासाठी मदत मागितली. उत्तर आले ते धर्मांतराच्या अपेक्षेचे. जोशी पति-पत्नींना ते मान्य नव्हते. म्हणजे पत्र फुकट गेले म्हणायचे. पण वाइल्डरने हा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. १८८० मध्ये न्यू जर्सी प्रांतातल्या रोझेल गावच्या थिओडोसिया कार्पेंटर या गृहिणी दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असताना त्यांच्या हाती तो अंक पडला. एका हिंदू मुलीला शिकायचे आहे, हे वाचून त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले.

मग सुमारे तीन वर्षे ही पत्रे समुद्रापलीकडे जात-येत राहिली. ती औपचारिक नव्हती, घरगुती होती. आनंदीबाई कार्पेंटरबाईंना मावशी मानू लागल्या. आपल्याकडचे सण-रिवाज, बालविवाह, बायकांचे आजार, स्वतःची डोकेदुखी आणि अशक्तपणा, हे सगळे त्यांनी मोकळेपणाने लिहिले. इंग्रजी त्यांची जन्मभाषा नव्हती. पण समोर कोण आहे हे मनात धरून लिहिल्यामुळे पत्रातून माणूस दिसत असे. एकमेकींना कधीही न पाहिलेल्या दोन स्त्रिया त्या पत्रांनी नात्यात बांधल्या गेल्या.

फेब्रुवारी १८८३ मध्ये आनंदीबाईंनी सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात, आपण अमेरिकेला का जात आहोत, हे लोकांपुढे उभे राहून सांगितले. त्यात हिंदू म्हणूनच जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हेही स्पष्ट केले. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा, पती सोबत नाहीत. धक्क्यावर घ्यायला पत्रांतली मावशी आली होती.

रोझेलला राहत असताना सप्टेंबर १८८३ मध्ये त्यांनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाला प्रवेशासाठी अर्ज लिहिला. विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्ष द्यावे असे हे पत्र आहे. मावशीला लिहिणारा हात तोच, पण इथे घरगुती गप्पा नाहीत. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण पूर्ण करू शकणार नाही, हे त्या लपवत नाहीत. आपली परिस्थिती वेगळी आहे म्हणून विचार व्हावा, अशी नम्र विनंती करतात. आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून इथवर आलो ते कशासाठी, हेही सांगतात : पुरुष डॉक्टरकडे जाण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींना उपचार मिळावेत म्हणून. स्वतःसाठी काही मागत नाही, या कामाला लायक होण्यासाठी जे लागेल ते द्या, इतकेच मागणे. जड शब्द नाहीत, खुशामत नाही आणि खोटा अनुभवही नाही! कॉलेजने त्यांना प्रवेश दिला.

तिसऱ्या प्रकारचे पत्र मात्र सर्वांत अवघड होते. ते घरच्या मराठीत, पतीला लिहिलेले आहे. ज्या गोपाळरावांनी शिकवले, त्यांनीच अभ्यासासाठी लहान वयात मारहाणही केली होती, लाकडाने मारले होते, पुस्तके-खुर्च्या फेकल्या होत्या. अमेरिकेहून आनंदीबाईंनी त्यांना हे सरळ लिहून कळवले. ते वागणे चांगले होते की वाईट, हे ठरवणे कठीण आहे, असेही लिहिले. आदर सोडला नाही आणि सत्यही सोडले नाही. पालकांनी आणि आम्हा शिक्षकांनी हे पत्र विसरू नये. मुलाने शिकावे ही तळमळ कितीही खरी असली तरी दिलेला मार मूल विसरत नाही.

थंडी, नऊवारी लुगडे, शाकाहार आणि अभ्यासाचा ताण यांतून वाट काढत ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी एम.डी. पदवी मिळवली. प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्री-विभागाच्या प्रमुख म्हणून नेमणूकही झाली. परंतु अमेरिकेतच क्षयाने शरीर पोखरले होते. १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. एकाही दिवसाची नोकरी त्यांना करता आली नाही. त्यांच्या अस्थी मावशीकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमीत त्या विसावल्या. एका अनोळखी पत्राने सुरू झालेले नाते तिथपर्यंत पोचले.

मुलांनो, परीक्षेचे नियम जरूर शिका. नाव माहीत नसलेल्या अधिकाऱ्याला ‘डिअर सर’ लिहिले तर शेवटी ‘युअर्स फेथफुली’ येते, नाव लिहिले तर ‘युअर्स सिन्सिअरली’, आणि मैत्रिणीला लिहिताना दोन्हींची गरज नाही. हे एका तासात शिकता येते. कोणाला लिहितो आहोत, का लिहितो आहोत, नेमके काय हवे आहे, हे मात्र कोणतेही पुस्तक तुमच्यासाठी लिहून देणार नाही. पाठ केलेले उत्तर परीक्षकाच्याही लक्षात येते आणि त्याचे गुण कापले जातात.

नववी-दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने या महिन्यात दोन इंग्रजी पत्रे स्वतः लिहून माझ्याकडे आणून द्यावीत, ही विनंती. एक आपल्या मावशीला, आत्याला किंवा आजीला. दुसरे मला, शाळेकडून तुम्हाला खरोखर काय हवे आहे ते सांगणारे. व्याकरणाच्या चुका आपण बसून दुरुस्त करू. मजकूर फक्त तुमचा असावा. दुसऱ्या पत्रांचे उत्तर मी स्वतः लिहीन आणि योग्य मागण्या विश्वस्त मंडळापुढे ठेवीन.