जॉर्डन कातालानी

जॉर्डन कातालानी (लॅटिन रूप : जॉर्डानस) हे चौदाव्या शतकातील डॉमिनिकन संघाचे धर्मगुरू, प्रवासवर्णनकार आणि भारतातील पहिल्या रोमन कॅथलिक धर्मप्रांताचे, म्हणजे कोल्लमचे, पहिले बिशप होते. दक्षिण फ्रान्समधील सेवेराक हे त्यांचे मूळ गाव मानले जाते.

ठाणे आणि सोपारा

तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर हे फ्रान्सिस्कन आणि भाषा जाणणारे देमेत्रियुस यांच्यासह ते होर्मुझहून कोल्लमला निघाले होते. परंतु जहाज १३२१ मध्ये ठाण्याला लागले. ज्या खाडीच्या पूर्वेस आज नवी मुंबईतील पावणे आदी गावे आहेत, तिच्याच काठी वसलेले हे बंदर तेव्हा दिल्लीच्या सुलतानाच्या अमलाखाली होते. येथील नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबांनी त्यांना आश्रय दिला.

जॉर्डन गुजरातच्या दिशेने गेले असता ठाण्यात अनर्थ घडला. ओडोरिकच्या वृत्तांतानुसार यजमानाच्या घरी पतीने पत्नीला मारहाण केल्याचे प्रकरण काझीपुढे गेले आणि या पाहुण्यांना साक्षीसाठी बोलावण्यात आले. घरगुती तंट्याची साक्ष धर्मविषयक वादात बदलली. थॉमस यांनी प्रेषित मुहंमदांविषयी केलेल्या विधानानंतर चौघांचीही हत्या झाली. जॉर्डन यांनी परत येऊन मृतदेह सोपारा येथे दफन केले.

त्यानंतर ते एकटेच राहिले. ऑक्टोबर १३२१ मध्ये घोघा येथून इराणमधील सहकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी सोपारा, भरूच व कोल्लम ही कार्यास योग्य ठिकाणे सुचवली. ठाणे-सोपारा परिसरात ३५ जणांना बाप्तिस्मा दिल्याचीही नोंद त्यात आहे. ठाण्याहून पाठवलेल्या दुसऱ्या पत्रात हालअपेष्टांबरोबरच, पोपने या समुद्रात दोन गलबते ठेवावीत म्हणजे इजिप्तच्या सुलतानाचा व्यापार मोडेल, अशी सूचना आहे. धर्मप्रसारकाच्या पत्रातील हा व्यापारी हिशेब लक्षणीय आहे.

बिशपपद व लेखन

पोप जॉन बाविसावे यांनी ऑगस्ट १३२९ मध्ये आव्हिन्यों येथून कोल्लम धर्मप्रांत स्थापून जॉर्डन यांची नेमणूक केली. हा प्रांत इराणमधील सुलतानिया येथील आर्चबिशपच्या अधीन होता. त्यांच्या 'मिराबिलिया देस्क्रिप्ता' या लॅटिन ग्रंथात आंबा, फणस, नारळ, सतीप्रथा व पारशांचा अंत्यविधी यांची वर्णने आहेत. त्यातील आंब्याचे नाव स्थानिक 'अंबा' या शब्दावरूनच घेतलेले दिसते. हेन्री यूल यांनी १८६३ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. कोल्लम धर्मप्रांताची पुनःस्थापना १८८६ मध्ये झाली.