पॉल रोबसन : सीमेवरचा गायक

सीमा म्हटली की आम्हां बेळगावकरांचे कान टवकारतात. पॉल रोबसन आमच्या मनात राहिले ते त्यामुळेच.

जन्म १८९८ चा, अमेरिकेतल्या प्रिन्स्टनचा. वडील गुलामीतून पळून आलेले. मुलाने फुटबॉल गाजवला, कायद्याची पदवी घेतली, पण रमला रंगभूमीवर आणि गाण्यात. १९४३ पासून ब्रॉडवेवर त्यांच्या 'ऑथेल्लो'चे २९६ प्रयोग झाले. महायुद्ध संपले आणि वारे फिरले. वर्णभेदाविरुद्धचे त्यांचे बोलणे आणि सोव्हिएत रशियाबद्दलचे प्रेम सरकारला खपेना. (स्टालिनच्या अत्याचारांबद्दल ते गप्प राहिले, हे आम्हांलाही खटकते.) १९५० साली त्यांचा पासपोर्ट काढून घेण्यात आला.

१९५२ च्या जानेवारीत कॅनडातल्या खाणकामगारांच्या अधिवेशनाला निघाले, तर सीमेवरच अडवले. वास्तविक तिकडे जायला अमेरिकनांना पासपोर्ट लागतही नसे! मग त्यांनी फोनवरून गाणे ऐकवले. मे महिन्यात पुन्हा त्याच सीमेवर, पीस आर्च बागेत, अमेरिकेच्या हद्दीत ट्रक उभा केला, त्यावर पियानो चढवला आणि गायले. पलीकडे कॅनडातले हजारो श्रोते. सुरांना कोण अडवणार? १९५७ साली समुद्राखालच्या तारेतून वेल्सच्या खाणकामगारांनीही त्यांना ऐकले.

१९५८ च्या एप्रिलमध्ये भारतात त्यांची साठी साजरी झाली, नेहरूंच्या पाठिंब्याने. जूनमध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालाने पासपोर्टाचा मार्ग मोकळा झाला. पुढे प्रकृती ढासळली. १९७३ साली न्यूयॉर्कला पंचाहत्तरीचा सोहळा झाला, तेव्हा ते फिलाडेल्फियात बहिणीकडे होते. सभागृहात ऐकू आला तो टेपवरचा आवाज. १९७६ साली ते गेले.