नारायण मेघाजी लोखंडे

रावबहादुर नारायण मेघाजी लोखंडे (जन्म : ठाणे, १८४८, मृत्यू : मुंबई, ९ फेब्रुवारी १८९७) हे भारतीय कामगार चळवळीचे जनक, सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि 'दीनबंधू' या वृत्तपत्राचे संपादक होते. गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळवून देणारे नेते म्हणून ते विशेष प्रसिद्ध आहेत. कामाचे तास, दुपारची विश्रांती, अपघाताची भरपाई आणि आजारपणातील आधार हे प्रश्न त्यांनी मांडले. हे प्रश्न मजुरीइतकेच कामगारांच्या आरोग्याचेही होते.

प्रारंभिक जीवन

लोखंडे यांचा जन्म ठाणे येथे एका सामान्य माळी कुटुंबात झाला. त्यांच्या बालपणीच, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदर ते ठाणे हा देशातील पहिला प्रवासी रेल्वेमार्ग सुरू झाला. पुढील वर्षी तो कल्याणपर्यंत पोहोचला. मॅट्रिकपर्यंत शिक्षण घेतल्यानंतर लोखंडे यांनी काही काळ रेल्वे व टपाल खात्यात नोकरी केली. त्यानंतर ते मुंबईतील एका कापडगिरणीत भांडारपाल झाले. कामगारांचे दैनंदिन जीवन त्यांना येथे जवळून पाहता आले.

महात्मा जोतीराव फुले यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेले 'दीनबंधू' आर्थिक अडचणीत आल्यावर लोखंडे यांनी १८८० मध्ये त्याची सूत्रे हाती घेतली आणि ते मुंबईहून चालविले. शेतकरी व कामगार यांची गाऱ्हाणी त्यांनी या पत्रातून सातत्याने मांडली.

गिरण्यांमधील परिस्थिती

त्या काळी गिरण्या साधारणतः सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चालत. सूत तुटू नये म्हणून हवा दमट ठेवली जाई. पिंजण व कताई विभागांत कापसाची बारीक धूळ सतत तरंगत असे. अशा धुळीत वर्षानुवर्षे श्वास घेतल्याने बिसिनोसिस हा फुप्फुसांचा विकार जडतो. यंत्रांचे पट्टे व चाके अनेकदा उघडीच असत. त्यात हात वा पाय गमावलेल्या कामगाराला भरपाई मिळण्याची कायदेशीर व्यवस्था नव्हती.

पहिला कारखाने कायदा आणि त्याच्या उणिवा

सोराबजी शापुरजी बंगाली यांच्या प्रयत्नांमुळे आणि लँकेशायरमधील गिरणीमालकांच्या दबावामुळे १८८१ मध्ये पहिला कारखाने कायदा संमत झाला. यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या आणि शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांनाच तो लागू होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास त्याने बंदी केली. सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा घातली आणि धोकादायक यंत्रांभोवती कुंपण आवश्यक केले. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या कामाच्या तासांना मात्र मर्यादा नव्हती.

तपासणीची व्यवस्थाही दुबळी होती. जेथे स्वतंत्र निरीक्षक नेमलेला नसे, तेथे ते काम जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे असे. महसूल, न्याय आणि बंदोबस्त यांचा भार असलेल्या या अधिकाऱ्याला गिरणीत जाऊन पाहणी करण्यास फारशी सवड नसे. त्यामुळे कायदा असूनही त्याचा लाभ कामगारांपर्यंत क्वचितच पोहोचे.

१८८४ चे निवेदन

कायद्यातील सुधारणांचा विचार करण्यासाठी मुंबई सरकारने १८८४ मध्ये आयोग नेमला. त्याच्यापुढे कामगारांचे म्हणणे यावे म्हणून लोखंडे यांनी २३ सप्टेंबर १८८४ रोजी परळ येथील सुपारीबागेत सभा घेतली. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यातील प्रमुख मागण्या अशा होत्या :

• दर रविवारी पूर्ण सुट्टी मिळावी.
• दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी.
• काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच असावे.
• महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळावा.
• कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार आणि कायमचे अपंगत्व आल्यास निर्वाहाची सोय असावी.

आयोगाच्या कामातून तत्काळ कायदा बदलला नाही. तरीही आपल्या परिस्थितीविषयी कामगारांनी सरकारपुढे संघटितपणे केलेले हे आरंभीचे निवेदन होय. याच चळवळीतून 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन' उभी राहिली. तिला नियमित वर्गणी, निधी वा घटना नव्हती, म्हणून काही अभ्यासक तिला आजच्या अर्थाने कामगार संघटना मानत नाहीत.

साप्ताहिक सुट्टी आणि १८९१ चा कायदा

२४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत झालेल्या सभेस सुमारे दहा हजार कामगार उपस्थित होते. दोन स्त्री कामगारांनीही तेथे भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली.

त्याच वर्षी नेमलेल्या कारखाना आयोगाच्या कामात लोखंडे यांनी मुंबईच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून सहभाग घेतला. १८९१ च्या सुधारित कायद्याने कामावर घेण्याचे किमान वय नऊ वर्षे केले, स्त्रियांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा घातली आणि साप्ताहिक सुट्टी व मधली विश्रांती बंधनकारक केली. कारखान्यांतील वायुवीजन व स्वच्छता यांविषयी नियम करण्याचा अधिकारही प्रांतिक सरकारांना मिळाला. प्रौढ पुरुषांच्या तासांना मर्यादा येण्यास मात्र १९११ उजाडावे लागले.

अन्य कार्य, प्लेग आणि मृत्यू

विधवांच्या केशवपनाविरुद्ध लोखंडे यांनी मुंबईतील नाभिकांना संघटित केले. १८९३ च्या दंगलीनंतर जातीय सलोख्यासाठी त्यांनी काम केले. सरकारने त्यांना रावबहादुर हा किताब दिला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ पसरली आणि हजारो लोक शहर सोडून गेले. लोखंडे मात्र शहरातच थांबले आणि रुग्णांच्या सेवेत व त्यांच्यासाठी रुग्णालय चालविण्यात गुंतले. या सेवेतच त्यांना प्लेगची लागण झाली व ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर महिन्याभरातच, १० मार्च रोजी, सावित्रीबाई फुले यांनाही पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना मृत्यू आला.

वारसा

स्वतंत्र भारतातील १९४८ च्या कारखाने अधिनियमात वायुवीजन, धूळ व धूर यांचे निर्मूलन, कृत्रिम आर्द्रता आणि सांडपाण्याची विल्हेवाट यांसाठी स्वतंत्र कलमे आली. तरीही तपासणीचा प्रश्न संपला नाही. लोखंडे यांच्या जन्मजिल्ह्यातील डोंबिवली औद्योगिक क्षेत्रात २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी रासायनिक कारखान्यांत भीषण स्फोट झाले. त्यांत अनेकांचे प्राण गेले व लगतच्या परिसरातील घरांचेही नुकसान झाले. या दुर्घटनांनंतर कारखान्यांवरील देखरेख आणि लोकवस्तीपासूनचे त्यांचे अंतर हे विषय पुन्हा चर्चेत आले.

भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये लोखंडे यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. मुंबईतील महाराष्ट्र शासनाच्या श्रमविज्ञान संस्थेलाही त्यांचे नाव देण्यात आले आहे. मनोहर कदम यांनी त्यांचे मराठी चरित्र लिहिले आहे.